प्रत्यारोपणानंतर हात थरथरतात म्हणून गोळी कमी करणं: अनुभव आणि माहिती हवी आहे

वेण्णाकाठ:

नमस्कार मंडळी. इथे अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा त्यांच्या घरचे कुणी असतील तर कृपया वेळ काढून वाचा.

माझा मोठा भाऊ सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. आयजीए नेफ्रोपॅथीमुळे त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, काही काळ डायलिसिस झालं आणि मग मी त्याला माझी एक किडनी दिली. शस्त्रक्रिया पुण्यात झाली. मी ठणठणीत आहे, शेतात जाते, सगळी कामं करते. दादाचं क्रिएटिनिनही, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा, स्थिर आहे. शाळा पुन्हा सुरू झाली, घर मार्गी लागलं.

प्रश्न त्याच्या हातांचा आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचं टॅक्रोलिमस सुरू झाल्यापासून त्याचे हात थरथरतात. चहाचा कप बशीवर वाजतो, सही वेडीवाकडी येते. इतर कुणाला हे चालूनही जाईल, पण दादाचा हात म्हणजे त्याची भाकरी आहे. फळ्यावर मुलांना सरळ रेघ काढून दाखवता येत नाही, हे त्याला डायलिसिसच्या सुईपेक्षा जास्त लागतं.

गेल्या महिन्यात वहिनीच्या लक्षात आलं की महिना संपला तरी गोळ्या उरताहेत. खोदून विचारल्यावर त्याने सांगितलं की रात्री दोनऐवजी एकच कॅप्सूल घेतो, म्हणजे सकाळी हात जरा शांत असतो. आणि रक्ततपासणी असली की आधीचे चार दिवस सगळं नीट घेतो, त्यामुळे रिपोर्टमध्ये औषधाची रक्तातली लेव्हल बरोबर येते. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नाही. वर त्याचं म्हणणं, "सख्ख्या बहिणीची किडनी आहे. माझं शरीर तिला परकं मानायचं नाही. क्रिएटिनिन बघ की."

मला त्याच्यावर रागवायचं नाही. किडनी दिली म्हणून त्याच्यावर हक्क गाजवायचाही नाही. पण रात्री झोप लागत नाही. ही थरथर कमी होते का? कुणाचं औषध बदललं आहे का? आणि डॉक्टरांपुढे हे कसं मांडावं?

पुरंदरी:

वाचून पोटात तुटलं. माझ्या मामांनाही हात थरथरायचे, पण पहिलं वर्ष उलटल्यावर डोस उतरला तसं कमी झालं. बाकी माहिती जाणकार देतीलच. तुमच्या दानाला मनापासून नमस्कार.

फार्मा_शुभदा:

वेण्णाकाठ, मी प्रत्यारोपण विभागात क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणून काम करते. तुमच्या दादासारखे रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थरथर खरी आहे, मनाचा खेळ नाही. टॅक्रोलिमसचा मज्जासंस्थेवर होणारा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम हाच. त्याच्या जोडीला डोकेदुखी, झोप न लागणं, हातापायांना मुंग्या येणं हेही दिसतं. डोस घेतल्यावर साधारण एक ते तीन तासांत रक्तातलं प्रमाण शिखरावर जातं आणि बऱ्याच जणांना तेव्हाच हात जास्त कापतात. आपण लॅबमध्ये लेव्हल मोजतो ती मात्र पुढच्या डोसच्या आधीची, म्हणजे दिवसातली सर्वांत खालची. म्हणून 'लेव्हल बरोबर आहे, मग हात का थरथरतात?' असं कोड्यात पडायला होतं. तळ बरोबर असला तरी शिखर उंच असू शकतं. शिवाय काहींचे हात बेताच्या लेव्हललाही कापतात.

यावर उपाय आहेत, आणि दादापर्यंत पोहोचायला हवी ती हीच गोष्ट. डॉक्टर डोस थोडा उतरवू शकतात. दिवसातून एकदाच घ्यायची, औषध सावकाश सोडणारी टॅक्रोलिमस मिळते; तिच्या काही प्रकारांत शिखर खाली येतं आणि थरथर कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. कुणाला सायक्लोस्पोरिनवर नेतात, कुणाला एव्हरोलिमसची जोड देऊन टॅक्रो खाली आणतात. दमा नसेल तर प्रोप्रानोलॉलसारखी गोळी हातांसाठी देता येते. रक्तातलं मॅग्नेशियम कमी असेल तर ते भरून काढतात, कारण टॅक्रोमुळे मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातं आणि कमी मॅग्नेशियममुळे थरथर व झटके दोन्ही वाढतात. थायरॉइडही एकदा तपासून घ्यावा. यातलं काय दादाला लागू, ते त्यांचे नेफ्रॉलॉजिस्टच, म्हणजे किडनीचे डॉक्टरच ठरवतील. आपापलं ठरवून गोळी कमी करणं हा मात्र यातला मार्ग नाही.

आता चार दिवस नीट घेण्याबद्दल. डॉक्टर त्या आकड्यावरून पुढचा डोस ठरवतात. दादा एरवी कमी घेतो आणि तपासणीपुरतं पूर्ण घेतो, म्हणजे डॉक्टरांच्या हातात पडणारा आकडा त्याच्या रोजच्या औषधाचा नाहीच. लेव्हल अशी सतत वरखाली होत राहिली की किडनीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याचा धोका वाढतो, हे आता नीट सिद्ध झालेलं आहे. ही प्रतिपिंडं एकदा तयार झाली की त्यांना मागे फिरवणं फार अवघड जातं. आणि क्रिएटिनिन वाढतं ते बऱ्याच उशिरा. किडनी आतून सोसत असते तेव्हा ना दुखतं, ना सूज येते.

डॉक्टरांपुढे फार प्रस्तावना करू नका. दादानेच सांगावं: "हात थरथरतात म्हणून मी रात्रीची एक कॅप्सूल अमुक काळापासून घेत नाही. मला शिकवायला हात हवा आहे. काय करता येईल?" एवढं पुरे. आमच्याकडे असं कुणी सांगितलं की आम्ही त्याला ओरडत नाही, उलट सुटकेचा श्वास सोडतो.

न्यूरो_कोल्हापूर:

शुभदाताईंनी औषधाची बाजू नेमकी सांगितली आहे. मी न्यूरॉलॉजिस्ट आहे, दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, सख्ख्या बहिणीची. १९५४ साली बोस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दोघांची जनुकीय ठेवण एकच, म्हणून प्रतिकारशक्ती दाबायच्या औषधांशिवाय ती किडनी टिकली. तशी औषधं तेव्हा हाताशी नव्हतीच. एकसारखी जुळी भावंडं सोडली तर सख्ख्या भावंडांत जुळणी पूर्ण असू शकते, अर्धी असू शकते, अजिबात नसूही शकते. पूर्ण जुळली तरी औषधं थांबवता येत नाहीत. दादाला हे प्रेमाने पण स्पष्ट सांगा. माया बहिणीची असते, पेशींना ती ओळखता येत नाही.

दुसरी गोष्ट, थरथर म्हणजे सगळं काही नव्हे. बारीक, वेगाने होणारी, हात पुढे धरल्यावर किंवा काही उचलताना दिसणारी थरथर बहुधा औषधाची असते आणि तिच्यासाठी पुढच्या भेटीपर्यंत थांबता येतं. पण डोकं भयंकर दुखणं, अचानक अंधुक दिसणं, बोलताना अडखळणं, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका, एका बाजूची शक्ती जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. अगदी सुरुवातीच्या काळात हे औषधांमुळे किंवा सोडियमसारखे क्षार बिघडल्यामुळे होतं. यकृत प्रत्यारोपणात सोडियम फार झपाट्याने वर गेलं तर मेंदूच्या खोडाला इजा होऊ शकते, म्हणून तिथे फार जपतात. महिना उलटल्यावर संसर्गांचा विचार आधी करावा लागतो आणि आपल्या देशात त्यात क्षयाचा मेंदूज्वर नेहमी डोक्यात ठेवावा लागतो.

यात फसगत अशी होते की प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे ताप फारसा चढत नाही, मान ताठ होत नाही. क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीचा मेंदूज्वर असा आठवडेच्या आठवडे नुसत्या डोकेदुखीच्या रूपात राहू शकतो. ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत असते. प्रत्यारोपण झालेल्या घरात गॅलरीतली कबुतरांची घाण रुग्णाने कधीही साफ करू नये, दुसऱ्याने करावी, तीही ओली करून, मास्क लावून. ताप नाही म्हणून संसर्ग नाही, असा हिशोब या रुग्णांना लागू पडत नाही.

मीनल_नागपूर:

मी सहसा फक्त वाचते. पण वरची 'अचानक अंधुक दिसणं' ही ओळ वाचली आणि लिहावंसं वाटलं.

माझ्या नवऱ्याचं यकृत प्रत्यारोपण झालं, मेंदूमृत दात्याकडून. त्या कुटुंबाचे आम्ही जन्माचे ऋणी आहोत. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी, घरी आल्यावर, त्यांना एका सकाळी डोकं फुटेल असं दुखायला लागलं. नंतर म्हणाले, "मीनल, लाईट गेले का?" लाईट होते. खिडकीतून ऊन आत आलं होतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्यांना झटका आला.

सीटी स्कॅनमध्ये विशेष काही दिसलं नाही. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना सूज दिसली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, प्रेस. रक्तदाब खूप चढलेला होता, मॅग्नेशियम उतरलेलं होतं. टॅक्रोची लेव्हल मात्र ठरलेल्या मर्यादेतच होती. टॅक्रो थांबवून सायक्लोस्पोरिन सुरू केलं, रक्तदाब खाली आणला, झटक्यांसाठी लेव्हेटिरासिटाम दिलं. नजर हळूहळू परत आली. पहिल्यांदा माणसं सावलीसारखी, मग रंग, मग वर्तमानपत्रातले मथळे. आता ते बारीक अक्षरही वाचतात.

आमच्या घरी या प्रसंगानंतर वेगळंच काही सुरू झालं. त्यांना गोळीची भीती बसली. "या गोळीनेच डोळे गेले होते," असं म्हणून ते नव्या गोळीकडेही संशयाने बघायचे. तोंडात ठेवायचे आणि मी स्वयंपाकघरात वळले की काढून टाकायचे. यकृताचे आकडे वाढले तेव्हा डॉक्टरांना शंका आली. तेव्हा त्यांना ओरडून नाही, तर न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआयचे दोन्ही फोटो शेजारी लावून, सूज होती ती कशी गेली हे दाखवल्यावर भीती उतरली. वेण्णाकाठ, तुमच्या दादाचं आणि यांचं कारण निराळं, पण गोळी टाळण्याच्या मागे काहीतरी खरं दुखणं असतं. ते दुखणं कुणीतरी ऐकून घेतलं की माणूस गोळीपाशी परत येतो.

न्यूरो_कोल्हापूर:

मीनलताई, फार मोलाचं लिहिलंत. प्रेसचं वर्णन १९९६ मध्ये वैद्यकीय साहित्यात पहिल्यांदा एकत्रितपणे आलं. बहुतेकांत ती सूज पूर्ण ओसरते, पण उपचाराला उशीर झाला तर कायमची इजा राहू शकते. तुम्ही त्याच सकाळी नेलंत म्हणून नजर परत आली.

इथे एक धोका सांगून ठेवतो. झटका आला की लोक जवळच्या दवाखान्यात जातात, तिथे फेनिटॉइन दिलं जातं. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन ही औषधं यकृतातली विकरं (एन्झाइम्स) वाढवून टॅक्रो आणि सायक्लोस्पोरिन दोन्हींची लेव्हल पाडतात. रुग्ण गोळी वेळेवर घेत असतो आणि तरी किडनी किंवा यकृत धोक्यात येतं. जीव वाचवण्यासाठी तातडीने काही द्यावं लागलं तर ते द्यावंच, पण प्रत्यारोपण झालंय हे पहिल्या वाक्यात सांगा. मग डॉक्टर लेव्हेटिरासिटामसारखं, टॅक्रोच्या वाटेला न जाणारं औषध निवडू शकतात.

रानवाटा:

सर्वांचे अनुभव वाचले. माझं मत वेगळं आहे. हात थरथरतात म्हणजे वात वाढला. गुळवेलीचा काढा आणि अश्वगंधा सुरू करून बघा, सोबत गोळ्या हळूहळू कमी करता येतील. आपल्या शास्त्रात ताकद आहे, रसायनांवर किती दिवस काढणार?

फार्मा_शुभदा:

रानवाटा, तुमची तळमळ कळते आणि आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे. पण प्रत्यारोपण झालेल्या माणसाला हा सल्ला दिला तर त्याचा अवयव जाऊ शकतो, म्हणून स्पष्ट लिहिते.

गुळवेल लोक घेतात ती प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. प्रत्यारोपणानंतरचा सगळा उपचार प्रतिकारशक्ती आवरून धरण्यासाठी असतो. दोन्ही एकाच शरीरात घालता येत नाहीत. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, तो वाद वेगळा. पण ज्याच्या शरीरात दुसऱ्याचं यकृत किंवा किडनी आहे त्याने त्या वादात स्वतःला पणाला लावू नये. अश्वगंधेचंही तेच. भाजीत चिमूटभर हळद पडते ती चालते, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल नकोत, त्यांनी टॅक्रोची लेव्हल वाढल्याची उदाहरणं आहेत. आणि 'गोळ्या हळूहळू कमी करता येतील' हे वाक्य कृपया या धाग्यावर कुणी मनावर घेऊ नये.

रानवाटा:

ठीक आहे, प्रत्यारोपणाची गोष्ट निराळी असते हे मला ठाऊक नव्हतं. माझा सल्ला मागे घेतो. दादांना लवकर बरं वाटो.

अंत्रुजकर:

फोंड्याहून लिहितोय. मला आईने किडनी दिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. खाण्यातलं थोडं सांगतो, कारण डॉक्टरांच्या यादीत 'ग्रेपफ्रूट खाऊ नये' एवढंच लिहिलेलं असतं. ग्रेपफ्रूट आमच्याकडे कोण खातो? पण त्याचं सख्खं भावंड पपनस आमच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या फळांच्या मांडवीला, टांगलेलं असतं आणि विसर्जनानंतर घराघरांत वाटलं जातं. पपनसानेही टॅक्रोची लेव्हल चढते. मी चतुर्थीला ते सोलून सगळ्यांना देतो, स्वतः खात नाही.

दुसरं कमरख, म्हणजे ते पाच कडांचं आंबट स्टार फ्रूट. किडनी नीट काम करत नसलेल्या माणसाने ते खाल्लं तर न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके असं होऊ शकतं, कारण त्यातलं मेंदूला विषारी असणारं द्रव्य किडनी बाहेर टाकू शकत नाही. डायलिसिसवर असलेल्यांनी तर त्याच्याकडे बघूही नये. माझी किडनी आता चांगली चालते, तरी मी लांबच राहतो.

पंचामृताचंही सांगायला हवं. कच्च्या दुधातून लिस्टेरिया नावाचा जीवाणू येऊ शकतो आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला त्यातून मेंदूज्वर होतो. आमच्या भटजींना मी सरळ सांगितलं, ते आता माझ्यासाठी उकळून गार केलेल्या दुधाचं वेगळं करतात. कुणाला वाईट वाटत नाही, सांगितलं की लोक समजून घेतात.

चंद्रभागा७:

एक शंका. आई दर एकादशीला निर्जळी उपास करते. तिला यकृत प्रत्यारोपण झालं आहे. गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपास मोडतो म्हणते. कसं समजवावं?

सिस्टर_उज्ज्वला:

मी मुंबईत प्रत्यारोपण समन्वयक होते, आता निवृत्त आहे. चंद्रभागा७, आमच्याकडे अशा खूप आया येऊन गेल्या. मी त्यांना एवढंच विचारायचे की ज्या घरच्यांनी आपलं माणूस गेलेलं असताना दान केलं, त्यांच्या दानाची राखण हे व्रत नाही का? बहुतेक जणी तिथेच पाणी मागायच्या. निर्जळी उपास प्रत्यारोपणानंतर करू नये, किडनीलाही पाणी लागतं. फराळाचा उपास डॉक्टरांना विचारून करता येतो. टॅक्रो जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी घ्यायची असते, म्हणजे उपास असो नसो, गोळीची वेळ तीच राहते. तूपकट फराळासोबत घेऊ नये, औषध नीट शोषलं जात नाही.

वेण्णाकाठ, दादाबद्दल. माझ्या पाहण्यात संध्याकाळचा डोस सकाळच्यापेक्षा जास्त चुकतो. सकाळचा दात घासण्याशी, चहाशी जोडलेला असतो. संध्याकाळी लग्न असतं, प्रवास असतो, क्रिकेटची मॅच असते, झोप लागते. दादा मुद्दाम टाळतोय, पण बाकीच्यांनीही हे लक्षात ठेवावं. मी घरच्यांना सांगायचे की टीव्हीवरच्या एखाद्या रोजच्या कार्यक्रमाशी किंवा दिवाबत्तीशी गोळी जोडा. मोबाइलचा गजर लोक बंद करून टाकतात, देवासमोरचा दिवा चुकवत नाहीत.

आणि तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. कितीतरी लोक घरून गोळी घेऊन येतात, मग लेव्हल खोटीच वाढलेली दिसते, डॉक्टर डोस उतरवतात आणि रुग्ण विनाकारण कमी औषधावर जातो. रक्त घेणाऱ्याला 'गोळी घेतली का' हे विचारायची सवय सगळ्या लॅबना नसते, म्हणून आपणच सांगायचं.

हडसनतीर:

न्यू जर्सीहून. इथे गोळी चुकण्याचं मोठं कारण पैसा होतं. किडनीच्या आजारामुळे मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा, मिळालेल्या लोकांचं ते कवच प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी संपायचं, वय किंवा अपंगत्वाचं दुसरं कारण नसेल तर. सरकार डायलिसिसचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च करायचं आणि मग गोळ्यांचा थांबवायचं. लोक गोळ्या पुरवून पुरवून खायचे, किडनी जायची, परत डायलिसिस. १ जानेवारी २०२३ पासून दुसरा विमा नसलेल्यांसाठी फक्त या औषधांचं कवच पुढे चालू राहतं. त्यासाठी रुग्णांनी आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला.

भारतात येताना माझी आई, तीही किडनीवाली, गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवते, सामानात कधीच नाही. घड्याळ बदललं तरी दोन डोसांमधलं अंतर बारा तासांच्या जवळ राहावं म्हणून निघण्याआधी नर्सकडून वेळापत्रक लिहून घेते.

झाडीबोली_वाचक:

पैशांचा विषय निघाला म्हणून. आमच्या गडचिरोलीकडे हे औषध दुकानात मिळतच नाही. नागपूरहून मागवावं लागतं, पावसाळ्यात पूर आला की रस्ते बंद. भावजींनी म्हणून निदान दोन आठवड्यांचा साठा घरात ठेवायचं ठरवलंय. दुकानदार कधी दुसऱ्याच कंपनीची गोळी देतो, 'औषध तेच' म्हणतो. ते चालतं का?

फार्मा_शुभदा:

औषध तेच असलं तरी रक्तातलं प्रमाण कंपनीगणिक थोडं बदलू शकतं, आणि या औषधात थोड्याचाही फरक पडतो. शक्यतो एकच कंपनी धरावी. बदलावीच लागली तर डॉक्टरांना कळवून लेव्हल पुन्हा तपासावी. दिवसातून दोनदाची आणि दिवसातून एकदाची यांची अदलाबदल मात्र दुकानातून कधीही होता कामा नये. पाकिटावरचं नाव पूर्ण वाचा. साठ्याचं भावजींनी उत्तम केलं आहे.

जुलाबांबद्दल राहिलं होतं. जुलाब लागले की टॅक्रोची लेव्हल कमी नाही, पुष्कळदा वाढते. हात एकदम जास्त थरथरायला लागले आणि पोट बिघडलेलं असेल तर फोन करा. बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल, छातीच्या संसर्गासाठीचं क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबाचं डिल्टियाझेम यांनीही लेव्हल चढते. क्षयासाठीच्या रिफॅम्पिसिनने इतकी पडते की टॅक्रोचा डोस कित्येक पटींनी वाढवावा लागतो, किंवा रिफाब्युटिन वापरतात.

शिवनेरीचा_बाप:

हा धागा माझ्या मुलासाठी वाचत होतो. बारावीत असताना त्याला त्याच्या आईने किडनी दिली. तो इंजिनिअरिंगला गेला, होस्टेलवर राहिला. गोळ्यांनी चेहरा सुजलेला, हात कापायचे, प्रॅक्टिकलला सोल्डरिंग करता यायचं नाही, मुलं बघायची. या वयाला चारचौघांत वेगळं दिसणं सोसत नाही. तो गोळ्या चुकवायला लागला. त्याला काहीही त्रास झाला नाही, उलट हात थांबले, चेहऱ्याची सूज उतरली, तो खूश होता. आम्हीही फोनवर खूश होतो.

नियमित तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं आलं. बायोप्सी केली, प्रतिपिंडांमुळे होणारं रिजेक्शन, म्हणजे शरीर किडनी नाकारत होतं. प्लाझ्मा बदलला, इंजेक्शनं दिली. किडनी वाचली, पण पूर्वीसारखी राहिली नाही. डॉक्टर म्हणाले, किशोरवयात आणि विशीच्या सुरुवातीला किडनी गमावण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो.

आता त्याला दिवसातून एकदाची गोळी आहे, स्टेरॉइड अगदी कमी केलंय. सोल्डरिंग पुन्हा जमतं. तो मला म्हणाला, "बाबा, मला आधी कुणी विचारलंच नाही की हात कापतात म्हणून काय वाटतं. सगळे आकडेच विचारायचे." वेण्णाकाठ, तुमच्या दादाला हे वाचून दाखवा. क्रिएटिनिन चांगलं आहे तोवर सांगितलं तर पुष्कळ काही करता येतं.

वेण्णाकाठ:

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. दादा आणि वहिनी काल घरी आले होते. शिवनेरीचा_बाप यांचा प्रतिसाद दादाने स्वतःच मोबाइल घेऊन वाचला, दोनदा. मग म्हणाला, "सांगू आपण." पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे. तोपर्यंत आजपासून पूर्ण डोस घ्यावा का, की आधी फोन करावा?

न्यूरो_कोल्हापूर:

आधी फोन, आणि आजच. किती दिवस कमी घेतलं ते खरं सांगा. प्रत्यारोपणाची टीम बहुधा ठरलेला डोस लगेच सुरू करायला सांगेल आणि लेव्हल, क्रिएटिनिन, कदाचित प्रतिपिंडांची तपासणी आठवड्याची वाट न बघता करेल. राहिलेल्या कॅप्सूल भरून काढायला जास्तीची घ्यायची नाही. एखादा डोस चुकला तर किती तासांपर्यंत घ्यायचा, याचा नियम त्यांच्याकडून लिहूनच आणा. दादाला एक कोरा कागद सोबत घेऊन जायला सांगा, त्यावर डॉक्टरांसमोर एक वळणदार रेघ आणि एक वर्तुळ काढू दे. थरथर किती आहे हे त्यातून आम्हाला नेमकं कळतं, आणि औषध बदलल्यावर तुलना करता येते. सकाळची गोळी घेऊन दोन तासांनी एक आणि गोळीआधी एक, असे दोन कागद असतील तर आणखी चांगलं.

सिस्टर_उज्ज्वला:

फोनवर समन्वयक भेटल्या नाहीत तर वॉर्डच्या सिस्टरला निरोप द्या, रुग्णाचा नोंदणी क्रमांक जवळ ठेवा. आणि दादाच्या पाकिटात एक कार्ड असू दे: कोणता अवयव, कोणत्या वर्षी, रोजच्या औषधांची नावं, रक्तगट, घरचा आणि विभागाचा फोन. खाली एक ओळ, 'मला विचारल्याशिवाय वेदनाशामक, अँटिबायोटिक किंवा झटक्याचं औषध देण्याआधी प्रत्यारोपण विभागाला फोन करा.' शाळेतल्या मुख्याध्यापकांकडेही त्याची एक प्रत ठेवा.

फार्मा_शुभदा:

सिस्टर, त्या ओळीतलं 'मला विचारल्याशिवाय' काढूया का? झटका आलेला माणूस उत्तर देऊ शकणार नाही. 'कोणतंही नवं औषध देण्याआधी शक्य असल्यास प्रत्यारोपण विभागाला फोन करा' असं हवं.

सिस्टर_उज्ज्वला:

बरोबर. तसंच लिहा.